गाईचं पान

कावळ्याचं काम सनीव्हेलमध्ये सोपं निघालं. अपार्टमेंटच्या बाल्कनीत पान ठेवलं आणि अमेरिकन कावळ्याने वड्यावर लगेच चोच मारली. खोळंबा झाला तो गाईचा. दोन हजार पाचचा सप्टेंबर, नवऱ्याचं पितृपक्षातलं पहिलंच श्राद्ध, आणि गाईचं पान तसंच राहिलं तर गेलेला माणूस उपाशी राहतो, यावर शोभनाताईंची घट्ट श्रद्धा. गाय जेवली की आजोबा जेवतात, असं त्यांनी नातीलाही सांगून ठेवलं होतं.

"आई, इथे गाय फक्त दुधाच्या कॅनवर दिसते," संग्राम म्हणाला. पण मुलगा गुणी. टेकड्यांमधल्या एका आफ्रिकन सफारी पार्कात लांब शिंगांच्या गाई असतात, हे त्याने नेटवर शोधलं आणि जेवणं उरकताच सगळ्यांना गाडीत घातलं. खीर, भात, वडा असं गाईचं पान फॉइलमध्ये गुंडाळून शोभनाताईंच्या पर्समध्ये गेलं.

पार्कात उघड्या ट्रकमधून फिरवायचे. बाजूला दार नाही, नुसती एक साखळी. ट्रक चालवणारी गाइड ऱ्होंडा, उन्हाने रापलेली बाई. संग्रामने तिला रीतसर विचारलं, तर तिने न हसता मान हलवली.

"हात बाहेर नको, खाणं तर नकोच. कळपात वासरं आहेत. त्या आया सध्या कुणाचं ऐकत नाहीत."

"जाऊ दे ना आई," सून आश्लेषा हळूच म्हणाली. "मनातल्या मनात दाखवा नैवेद्य."

मनातल्या मनात! शोभनाताईंचं डोकंच फिरलं. चाळीस वर्षं त्या माणसाला काय मनातल्या मनात वाढलं होतं?

ट्रक निघाला. गवत वाळून पांढरं पडलं होतं आणि वाऱ्याचा मागमूस नव्हता. झेब्रे दिसले, जिराफ दिसले. सहा वर्षांची नेत्रा आजीच्या शेजारी उड्या मारत होती. मग एका वळणावर ऱ्होंडा बोलता बोलता थांबली. गाई रस्त्यातच उभ्या होत्या. तांबड्या, थोराड, शिंगं माणसाच्या मांडीएवढी जाड. एकही रवंथ करत नव्हती. सगळ्या ट्रककडे बघत होत्या.

शोभनाताईंना त्यात गायच दिसली, दुसरं काही नाही. एक वासरू पुढे आलं तेव्हा तर त्यांना भरूनच आलं. ऱ्होंडा रेडिओवर बोलत होती, संग्राम फोटो काढण्यात गुंग. त्यांनी फॉइल सोडून पान मांडीवर घेतलं.

"अहो, या," त्या पुटपुटल्या.

वासराने साखळीखालून तोंड आत घातलं. मागोमाग त्याची आई आली. तिने मान खाली घातली आणि एक शिंग सरळ आत आलं, शोभनाताईंच्या छातीसमोरून जाऊन नेत्राच्या गळ्यापाशी थांबलं. पोर सीटच्या पाठीला चिकटली.

"कोणी हलू नका," ऱ्होंडा म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की त्याचीच भीती वाटली.

वासरू मांडीवरची खीर चाटत होतं. ते हटेपर्यंत गाय हटणार नव्हती. ती श्वास घेई तसं शिंगाचं टोक वरखाली होई. संग्रामच्या तोंडून "आई" एवढंच निघालं. शोभनाताईंनी नातीकडे पाहिलं. हे आपण आणलं, आपल्या हाताने आणलं.

त्यांनी पान दोन्ही हातांनी उचललं. राहा उपाशी, त्या मनात म्हणाल्या, पण माझ्या पोरीला सोडा. आणि पान भिरकावून दिलं.

ते धुळीत पडलं तसं वासरू तिकडे धावलं. शिंग साखळीला खणकन लागून बाहेर गेलं. गाईचा खूर नेमका पानावर पडला आणि भात, वडा, खीर, सगळं मातीत गेलं. वासराने हुंगून तोंड फिरवलं.

ऱ्होंडाने ट्रक भरधाव काढला. नेत्राला साधा ओरखडाही नव्हता. आश्लेषाने तिला ओढून कुशीत घेतलं आणि सासूकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आजी," नेत्रा हुंदके देत म्हणाली, "आजोबा डिडन्ट ईट?"

"नाही गं," शोभनाताई म्हणाल्या. "मीच उठवलं त्यांना भरल्या पानावरून."