कौल देणारी जीप

साहेब, तुम्ही त्या दिवशी वर्दीत होतात. कापडे गावाच्या पलीकडे, आमच्या वाडीच्या देवळापुढे पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसलात आणि वाडीत आलेल्या त्या बाबाच्या जीपला हार घातलात. म्हणून हे तुम्हालाच लिहितोय.

आमच्याकडे अडलं की देवाला कौल लावतात. उजवं फूल पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. बाबा गरजला, "फूल वाऱ्यानंबी पडतं! माझी गाडी वाऱ्यानं चालू होते काय?"

जीप जुनी, काचा हाताने फिरवायच्या. आत कोणी नाही. किल्ली गावकीचे पुढारी गोमाजीतात्या यांच्या मुठीत. बाबाने शालीआड हात जोडून "बोल, देवा!" म्हटलं आणि इंजिन घुरघुरलं, मग आपसूक थांबलं. अख्खी वाडी आडवी झाली. तुमचीही टोपी निघाली.

गीताबाईचा नातू तापाने फणफणला होता. तिने विचारलं, "शेजारच्या आवडीनं चेटूक केलंन का?"

आवडीला पुढे ढकललं. तिचा हात जीपला पोचायच्या आत चारी दारांत खट्ट! कुलूप.

"बघा, देव हिला आत घेत नाय!" बाबा ओरडला.

"खरंच गो बाय!" बाया म्हणाल्या.

तात्यांनी तिथेच आवडीला विहीर बंद केली.

"तात्या, तुमच्या सुनेचं बाळंतपण कोणी केलं?" आवडीने विचारलं. तात्यांनी मान फिरवली.

तेव्हा शाळेच्या अनुपमाबाई उठल्या. "बाबा, दोन्ही हात हिच्या डोक्यावर ठेवा आणि मग विचारा."

"असल्या बाईला मी हात लावत नाय."

"मग माझ्या डोक्यावर ठेवा. की मीपण चेटकीण?"

लोक हसले. बाबाला हात बाहेर काढावे लागले. "बोल, देवा!" जीप गप्प. "बोल की!" गप्पच. आवडीने शाल हिसकली आणि रिमोट मातीत पडला. बाईंनी बटण दाबलं, देव घुरघुरला. दुसरं दाबलं, खट्ट, कुलूप निघालं.

मग स्टेअरिंगखालचं झाकण उघडलं. किल्लीच्या वायरींना जोड देऊन आत एक काळी डबी बसवलेली. गाडी न्यूट्रलला असली की रिमोटच्या इशाऱ्यावर ती किल्लीचंच काम करते. दारांत कुलपाचा दांडा ओढणाऱ्या छोट्या मोटरी. जुन्या गाडीत नव्या वायरी, एवढाच तो देव.

बाबा तुमच्याच गाडीत बसून निघून गेला. नातवाला महाडला नेलं, मलेरिया निघाला, पोर बरं झालं. विहीर मात्र अजून बंद आहे. तात्या म्हणतात, "गाडी खोटी निघाली, पर गावकीचा शब्द कसा फिरवायचा?"

आवडी ओढ्याचं पाणी भरते. ती जवळून गेली की बाया दारं लावून घेतात. तिच्या भीतीने नाही, तिला तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून. मी याच वाडीचा. माझंही दार त्यांतलंच. अरे, ज्या गाडीने तिला दोषी ठरवलं ती खोटी, तर शिक्षा खरी कशी? एवढा विचार करायला कुठल्या बाबाची गरज आहे?

साहेब, जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, वाळीत टाकण्याविरुद्धही आहे. हार घेऊन यायला तुम्हाला वाट सापडली. आता आवडीसोबत विहिरीवर कधी येताय? उत्तर द्या.