सिलेंडरचा परकर

त्या रविवारी आमच्या घरातल्या गॅस सिलेंडरचा परकर धुवायला काढला होता.

सिलेंडरला परकर असतो हे ज्यांना माहीत नाही त्यांनी गोंदियाजवळ कुडव्याला आमच्या घरी यायला हवं होतं. गुलाबी साटीनचा, वर नाडी, खाली चार बोटं रुंद झालर. फ्रिजच्या डोक्यावर निळं साटीन, मिक्सरवर पिवळं, पाण्याच्या फिल्टरवर जांभळं. टीव्हीच्या रिमोटनं चार वर्षांत उजेड पाहिला नव्हता. आई कापडावरूनच बटणं दाबायची आणि हव्या असलेल्या चॅनेलच्या शेजारचं चॅनेल निष्ठेनं बघायची.

माझी आई, भागीरथाबाई, तिरोड्याकडच्या एका खेड्यात एकतीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी आला की खिडक्यांना, फळ्याला, मुलांच्या वजनकाट्यालासुद्धा ती साटीनच्या पट्ट्या बांधायची. निवृत्तीनंतर वजनकाटा सरकारजमा झाला, मुलं दुसऱ्या बाईंची झाली, तेव्हा तिनं सगळी माया स्वयंपाकघरातल्या उपकरणांवर वळवली. गोंदियाच्या बाजारातले कटपीसवाले तिला लांबूनच हाक मारत.

मी अल्का, तिची थोरली. कॉलेजात ग्रंथपाल. नवऱ्याचं घर सोडून आल्याला नऊ वर्षं झाली होती आणि तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. एका उन्हाळ्यात तिनं माझ्या पुस्तकांनाही साटीनची कव्हरं शिवली. मी कामावरून आले तर जगातले मोठमोठे विचारवंत कपाटात नवऱ्या होऊन बसले होते. कोणाच्या आत कोण आहे ते उघडल्याशिवाय कळेना, आणि साटीनवर साटीन ठरत नाही, त्यामुळे एक ओढला की सहा जण अंगावर यायचे. मी काही बोलले नाही. मी पुष्कळ वाचलेली बाई आहे, आणि पुष्कळ वाचलेल्या बायका अशा वेळी भुवई वर करतात.

तर त्या रविवारी आई मागच्या अंगणात बादली घेऊन बसली होती आणि मी मदतीला होते, म्हणजे चुका करायला.

"पिळू नोको व! साटीन काय पिळाची गोष्ट आहे? मान मुरगळून राहिली तू त्याची."

"न पिळता वाळणार कसं?"

"टॉवेलात गुंडाळ अन् हलकेच दाब. लेकराले पुसतेत तसं. अन् तिकडं उन्हात कायले नेऊन राहिली? रंग उडते. सावलीत टाक, उलटं करून."

थंड पाणी, शाम्पूची एक पुडी, शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर. इस्त्री थोडं ओलं असतानाच, कमी आचेवर, उलट्या बाजूनं, मध्ये सुती ओढणी ठेवून. एवढे नियम माझ्या ग्रंथालयालाही नव्हते, आणि जे होते ते कोणी पाळत नसे.

संध्याकाळी तिनं समोरच्या दाराला नवा हिरवा पडदा लावला. दोन्ही बाजूंना झालर, मध्ये सोनेरी पट्टी. स्टुलावरून उतरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याकडे पाठ करून माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"कसा दिसून राहिला?"

हा प्रश्न ती प्रत्येक झालरीच्या वेळी विचारायची. मोहल्ल्यातल्या बायका वाहवा करत, त्यावर तिचं समाधान नव्हतं. तिला माझं मत हवं असायचं.

"चकचकीत आहे," मी म्हणाले.

"चकचकीत तं गिलास बी असते."

"मग छान चकचकीत."

"तुह्या लायब्ररीत सारे असेच बोलतेत काय?" एवढं म्हणून चहा ठेवायला गेली. मी पुस्तक उघडलं. माझ्या मते ती संध्याकाळ चांगली गेली होती.

सोमवारी अकराच्या सुमारास ती नळाजवळ पडली. शेजारच्या ओमेशनं तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. मी स्कूटीवरून पोहोचले तेव्हा डॉक्टर हात धूत होते. हृदय रस्त्यातच थांबलं होतं, म्हणाले.

धाकटा भाऊ रत्नपाल आणि त्याची बायको हर्षा नागपूरहून आले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम नवव्या दिवशी ठरला. भन्तेजी येणार, वंदना होणार, मग आईबद्दल लोक दोन शब्द बोलणार, मग जेवण. हर्षाला घरसजावटीतलं कळतं. नागपूरच्या तिच्या घरात सगळं मातकट रंगाचं आहे, अगदी मूडसुद्धा. तिनं हॉलच्या मध्यभागी उभं राहून एक गिरकी घेतली.

"ताई, राग मानू नका. पण शंभर माणसं येणार, आणि सिलेंडरला फ्रॉक?"

"परकर," मी म्हणाले.

"तेच. बरं दिसतं का हो ते?"

मी भुवई वर केली. हर्षानं तिचा अर्थ 'काढून टाका' असा लावला, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. नऊ वर्षं मला त्या भुवईनं तेच म्हणायचं होतं. दोन तासांत घरातलं सगळं साटीन तांदळाच्या रिकाम्या पोत्यात कोंबून गच्चीवर गेलं. फ्रिज उघडा पडला तेव्हा कळलं की तो गंजलेला आहे.

मग घर सभ्य करायला योगराज डेकोरेशनवाला आला. त्यानं भिंतींना, टेबलाला, खुर्च्यांना पांढरं कापड लावलं. हात लावून पाहिलं तर साटीन.

"प्रीमियम है मॅडम," योगराज म्हणाला. "शोक के लिए अलग ही रखते हैं."

शोकासाठी अलग ठेवलेल्या त्या कापडावर हळदीचा एक डाग होता आणि दोन सोनेरी टिकल्या चिकटलेल्या होत्या. भाड्यानं आणलेलं साटीन सुरुचीत बसतं, घरी शिवलेलं बसत नाही, हे मला नव्यानंच कळलं.

आदल्या दिवशी दुपारी सुशिलाबाई आल्या. आईच्या अंगणवाडीत त्या मदतनीस होत्या, सगळी एकतीस वर्षं. दारातच थांबल्या.

"हे कोणाचं घर व्हय? मॅडमच्या झालरी कुठी गेल्या?"

"गच्चीवर. पोत्यात."

"काऊन?"

"हर्षाला बरं वाटत नव्हतं."

"अन् तुमाले?"

माझी भुवई वर गेली. सुशिलाबाई माझ्या कपाळाकडे बघत राहिल्या आणि एकदम हसल्या. "हेच न! मॅडम हेच सांगे. माही अल्का भुवई वर करते, तोंड नाही उघडत."

"आणखी काय सांगायची?"

"कायले सांगू? वाईट वाटन."

"सांगा."

"म्हणे, तिले नाही आवडत, मले का समजत नाही? एक डाव तोंडावर म्हणून द्यावं, आई, घाण दिसते. काढून टाकीन, नाही तं चार गोष्टी सुनवीन. घरात जणी दोन, सुशिला, अन् बोलणारी मी एकलीच." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "चहा ठेवता का मीच ठेवू?"

मी गच्चीवर जाऊन पोतं खाली आणलं. वरच हिरवा पडदा होता, चुरगळून कागदासारखा झालेला. निदान एवढा तरी सरळ करावा म्हणून इस्त्री तापवली. मनात दुसरंच चालू होतं. सुलट्या बाजूवर, मध्ये काही न ठेवता, सुती कपड्याच्या आचेवर मी ती टेकवली. चर्र झालं. झालरीच्या वर इस्त्रीच्या टोकाएवढं साटीन आक्रसून काळं पडलं.

"अगं बाप्पा!" सुशिलाबाई धावत आल्या. "मी तं परकी बाई, मले बी येते हे. तुमी नऊ साल काय पाहून राहिल्या होत्या?"

"पुस्तकं," मी म्हणाले.

तोच पडदा मी स्टुलावर चढून दाराला लावला. हर्षा स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"ताई, जळलाय तो."

"हो. मी जाळला."

"मग लावताय कशाला? आणि मागचं ते पांढरं..."

"हर्षा, हा राहील."

रत्नपाल मध्ये काही बोलणार होता. माझ्याकडे बघून तो खुर्च्या मोजायला गेला.

दुसऱ्या दिवशी वंदना झाली, पंचशील झालं, भन्तेजींनी अनित्यतेबद्दल थोडक्यात आणि बरं सांगितलं. मग दोन शब्द सुरू झाले. खेमराज नावाचे एक गृहस्थ, जे पुढच्या निवडणुकीला उभे राहणार असं ते स्वतःच सांगत असतात, आईला शांत, मितभाषी आणि साधेपणाची मूर्ती म्हणाले. ते तिला कधी भेटले नसावेत. वार्डातल्या नाल्या या विषयावर ते साधेपणापेक्षा जास्त वेळ बोलले. त्यानंतर एका बाईंनी तिला वटवृक्ष म्हटलं आणि त्यांच्यामागून आलेल्या तिघांनी त्याच झाडाखाली बसून घेतलं.

मग माझं नाव पुकारलं. मी एक पान लिहून आणलं होतं. बरं लिहिलं होतं. मातृत्वाबद्दल त्यात दोन वाक्यं अशी होती की मी स्वतःच त्यांच्याखाली रेघ मारली असती. फोटोसमोर उभी राहिले आणि ते पान वाचता येईना. रडू आलं म्हणून नव्हे. आणखी एकदा तिला काहीतरी छान आणि निरर्थक ऐकवायची माझी तयारी नव्हती, एवढंच.

"आई," मी म्हणाले. शंभर माणसं जरा चुळबुळली, कारण अशा वेळी दिवंगत मातोश्री म्हणायची पद्धत आहे. "तो हिरवा पडदा वाईट दिसतो. जळायच्या आधीपासून वाईट दिसतो. सिलेंडरचा परकर वाईट दिसायचा. पुस्तकांची कव्हरं तर मला बघवत नव्हती. तू शिवलेलं मला कधीच काही आवडलं नाही."

हर्षानं रत्नपालकडे पाहिलं. खेमराज मोबाइलमधून मान वर काढून माझ्याकडे बघू लागले. बायकांच्या घोळक्यातून सुशिलाबाईंचा आवाज आला, "हां, बोला. बोला तुमी."

"तू विचारायचीस, आणि मी काहीतरी गोड बोलून सुटायची. सगळ्यांना वाटायचं, मी तुझं मन जपते. मलाही तसंच वाटायचं. तसं नव्हतं, आई. तुझ्याशी भांडायला मला कमीपणा वाटायचा."