आत्याचे मासे

नवा कॉम्प्युटर घरात आला तो बिऱ्हाडासकट. अजून एक अक्षर टाइप केलं नव्हतं, तोच पडद्यावर कुणी हवामान सांगू लागलं, कुणी खरेदीचा आग्रह धरू लागलं, आणि एक अँटीव्हायरस तर घडोघडी ‘तुम्ही धोक्यात आहात’ म्हणून घाबरवायचा.

“घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं,” नणंद म्हणाली आणि भाचीला मांडीवर घेऊन एकेकाला हाकलायला बसली. नवऱ्याची ही धाकटी बहीण, ऑफिसातही हीच कामं करणारी. पोरीचं बोट माउसवर, त्यावर आत्याचा हात. एक प्रोग्रॅम गेला की दोघी त्याला टाटा करायच्या.

पोरीची आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिकडून खिदळणं ऐकू आलं की हातातली ताटली जरा जास्तच पुसली जायची. नाक पुसायचं, नखं कापायची, औषध पाजताना लाथा खायच्या त्या हिनं. आणि हसू तेवढं आयतं आत्याच्या पदरात.

त्या आगंतुकांत माशांचा एक खेळ होता. तो तेवढा नणंदेनं ठेवला. हा राहू दे हं वहिनी, उरलेलं सगळं मी उद्या येऊन काढते, असं बजावून गेली. तोवर टाकीत मासे सोडून झाले होते, त्यांना नावंही दिली होती: जाड्या, फुग्या, शेपटीवाली. झोपताना लेक आईच्या कुशीत शिरली आणि विचारलं काय, तर आत्या उद्या नक्की येणार ना?

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीचा डोळा लागताच आई खुर्चीवर बसली. काढायला काही उरलंच नाही, तर यायला कारणही उरणार नाही. हिशेब सरळ होता. आदल्या दिवशी बघून ठेवलंच होतं. नावावर टिचकी, ‘काढून टाका’, ‘नक्की?’, ‘हो’. हवामान गेलं, दुकान गेलं, अँटीव्हायरस शेवटची धमकी देऊन गेला. आपल्यालाही जमतंय म्हटल्यावर तिच्या अंगात वारं शिरलं. मग मासे आले. ‘नक्की?’ तिला उत्तर ठाऊक होतं. तरी तिनं ‘हो’ दाबलं.

लेक उठली ती थेट कॉम्प्युटरपाशी. रडली नाही. पडद्याला नाक लावून शोधत राहिली, मग वाकून टेबलाखालीही पाहिलं.

“आई, जाड्याला भूक लागली असेल.”

आईनं नणंदेला फोन लावला आणि मासे आपोआप गेले म्हणून सांगितलं.

“आपोआप काही जात नाही गं, वहिनी.”

“मीच काढले,” आई म्हणाली. “तिला तुझ्यावाचून सुचत नाही, ते बघवेना मला.”

“आणि मला काय बघवतं?” नणंद म्हणाली. “जरा ठेच लागली की तुझ्याकडे पळते. मी बसते रिकामी मांडी घेऊन.” मग तिनं खेळ परत कसा आणायचा ते समजावलं.

टाकी परत आली, पण रिकामी. जुने मासे गेले ते गेलेच. आईनं लेकीला जवळ ओढून मांडीवर बसवलं, तिच्या बोटावर आपला हात ठेवला आणि एक मासा सोडला. याचं नाव काय ठेवू या?

“आत्या.”

आईनं दुसरा सोडला.

“हीपण आत्या.”

आईनं ओठ घट्ट मिटले, पोर घसरू नये म्हणून तिच्या पोटाभोवती हात घातला आणि तिसरा मासा सोडला.