आवेलिनाच्या पायाचं माप

डिचोलीच्या मैदानातला मांडव त्या शुक्रवारी फुटायचाच बाकी होता. खाणीवरचे कामगार, पेडण्याहून बस बदलत आलेल्या बाया, नेमानं चर्चमध्ये मिसाला जाणारे आणि कधीच न गेलेले, सगळ्यांच्या माना एका खुर्चीकडे. खुर्चीत क्लेमेंतीनची पाच वर्षांची आवेलिना. तिचा डावा पाय जन्मापासून दीड इंच आखूड.

प्रार्थनेनं आजार बरे करणाऱ्या ब्रदर जोनाथननी तिचे बूट काढले, दोन्ही टाचा तळहातावर घेतल्या आणि माइकमध्ये हाडाला हुकूम सोडला, "हाडा, ऐक. शिरे, तूही ऐक. प्रभूच्या नावानं वाढ." हाडाला जणू कान होते. डावी टाच सरकत सरकत उजवीला येऊन भिडली. मांडव रडायला लागला.

"आता माप घ्यायचं नाही हं," ब्रदर म्हणाले. "टेप आली की संशय आला, संशय आला की आशीर्वाद गेला."

क्लेमेंतीननं माइक घेऊन साक्ष दिली. पणजीहून करून आणलेला जाड तळव्याचा बूट तिनं तिथंच ठेवला, कायमचा.

घरी आवेलिना डाव्या पायाच्या चवड्यावर चालू लागली. टाच टेकून लंगडली की क्लेमेंतीन म्हणायची, "विश्वास कमी पडतो गे तुझा." पोर मान हलवायची आणि पुन्हा चवडा टेकायची. तिसऱ्या आठवड्यात पोटरीत गोळे येऊन ती पायरीवरून पडली, तेव्हा क्लेमेंतीननं तिला आरोग्य केंद्रात नेलं.

नर्स कमलाक्षीनं तिला सरळ निजवून टेप लावली. दीड इंच.

"टाच का टेकत नाहीस गे, बाय?"

"टेकली तर मम्मीला कळेल," आवेलिना म्हणाली, "देवानं मला बरं केलं नाही ते."

क्लेमेंतीनला वर बघवेना. "पण मी या डोळ्यांनी बघितलं, कमलाक्षीबाय."

"बस त्या स्टुलावर." कमलाक्षीनं तिच्या टाचा धरून हलकेच एका बाजूला ओढल्या. क्लेमेंतीनचा धडधाकट उजवा पाय बोटभर आखूड झाला. टाचा पुन्हा मध्ये आणल्या, पाय बरोबर. "कंबर एका बाजूनं मागं गेली की पाय आखूड, पुढं आली की लांब. फ्रॉकाखाली कंबर कोणाला दिसते? हाड जिथल्या तिथं."

"म्हणजे देव खोटा?"

"ते मला विचारू नको. देवाशी ओळख तुझी, माझी टेपेशी."

पुढच्या शुक्रवारी क्लेमेंतीन मांडवात गेली ती मागं बसून परत यायच्याच बेतानं. पण रांगेत पहिलीच होती विमल, कोल्हापूरकडची, खाणीवर कामाला. मांडीवरच्या मुलाच्या पोलिओच्या पायाला बांधलेले आधाराचे पट्टे ती सोडत होती. क्लेमेंतीनला बघून हसली. "ताई, तुमची साक्ष ऐकूनच आलोय बघा."

क्लेमेंतीननं पुढं होऊन माइक घेतला. "माझ्या मुलीचा पाय वाढला नाही. दीड इंच होता, दीड इंच आहे. ब्रदर, तुम्ही खुर्चीत बसा. तुमचा पाय मी आत्ता वाढवून दाखवते."

ब्रदर बसले नाहीत. "भगिनी, तुम्ही देवावर संशय घेताय."

"देवावर नाही. तुमच्या हातांवर. देवानं मला डोकं दिलं, ते वापरायची मुभाही दिली. मी ते तुमच्या हवाली केलं आणि पोरीला खोटं चालायला लावलं. यात चूक तुमची आणि माझी. त्याची नव्हे. मी उद्याही प्रार्थना करीन, पण टेप जवळ ठेवून."

विमलचे हात पट्ट्यावर थांबले. "मग आधीच का नाही बोललात, ताई?"

"गेल्या आठवड्यात कळलं. लाज वाटली."

"आणि आज?"

"आजही वाटते. पण लाज माझी आहे, पाय तुझ्या लेकराचा. कोणी माप घेऊ नका म्हणाला, की आधी माप घे. ते पट्टे बांध, विमल. मी येते तुझ्याबरोबर दवाखान्यात."