उष्टं जेट

“तोंड लावलंस तू त्याला?” चिमाजीशेठ असे किंचाळले, की रस्त्यावरचा टांगेवाला मागे वळून बघू लागला.

रहेमान मिस्तरीच्या ओठांत शेठच्या फटफटीचं जेट होतं. कार्बोरेटर उतरवून त्याच्या पोटातून हे पितळी बोंड त्याने काढलं होतं आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकातून तो फुंकर मारत होता. इंजिनाला पेट्रोल मिळायची वाट तेवढीच. तिथे कचरा बसला की गाडी गुदमरते. तार घातली तर भोक रुंदावतं. पंपाने कचरा उडतो, पण सगळा उडाला की नाही, ते ओठांनाच कळतं. नाशकातल्या फटफट्या तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या, आणि बहुतेक सगळ्यांच्या जेटांना रहेमानचे ओठ लागलेले. आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

लाकडाच्या वखारीवाल्या चिमाजींचं मात्र बिघडलं. “उद्या हिच्यावरून त्र्यंबकला नैवेद्य न्यायचाय मला. बाटवली की रे गाडी!”

रहेमानला आधी हसूच आलं. दिवसभर धूर ओकणाऱ्या इंजिनाला कसला आलाय विटाळ? त्याने खंडेरावकडे बघितलं. आग्रा रोडवरची ही शेड दोघांची. जागा खंडेरावची, हात रहेमानचा. पहिला खांब दोघांनी मिळून रोवलेला. कचरा चिवट असला आणि एकाचा दम संपला, की तेच जेट दुसरा तोंडात धरायचा. मध्ये पुसायचं वगैरे कधी कुणाला सुचलंही नाही. आता खंडेराव शेठला चार शब्द सुनावणार, अशी रहेमानची खात्री होती.

खंडेरावने हात जोडले. “शेठ, माफी करा. नवा गडी हाय. त्याला नाय माहीत.”

नवा गडी! रहेमानची दाढी या शेडमध्ये पिकायला लागली होती.

खंडेराव घरातून तांब्याभर गंगेचं पाणी घेऊन आला. जेट त्यात बुडवलं, कोरडं केलं, पंपाने वारा घातला आणि आपल्या हाताने बसवलं. कार्बोरेटरही त्यानेच चढवला. तोवर शेठनी रहेमानला चार हात लांब उभं केलं होतं. गाडी सुरू झाली, शेठ गेले. रहेमानला शिसारी आली होती. शेठची कमी, त्या जोडलेल्या हातांची जास्त.

“धंदा हाय बाबा,” खंडेराव म्हणाला. “मनाला लावून घेऊ नको. तू नवा नाय हे मला माहीत नाय का?”

“मग त्याला का नाय सांगितलं?”

“गिऱ्हाईक तुटलं असतं ना.”

रहेमान कामाकडे वळला. दुरुस्तीला आलेली एका डॉक्टरांची फटफटी खोळंबली होती. त्याने तिची पेट्रोलची तोटी बंद केली, कार्बोरेटर उतरवला, जेट काढून तोंडात धरलं. फुंकून फुंकून गालफडं दुखली, तरी कचरा हलेना. सवयीने त्याने ते खंडेरावपुढे धरलं. “तू बघ जरा.”

खंडेरावने ते घेतलं. रस्त्याकडे नजर टाकली. रस्त्यावर चिटपाखरूही नव्हतं. तरी त्याने धोतराच्या सोग्याने जेट पुसलं, एकदा पुसून पुन्हा पुसलं, आणि मगच ओठांकडे नेलं.

कुणी बघत असतं, तर रहेमानने तेही गिळलं असतं.

“दे इकडं,” म्हणत त्याने जेट काढून घेतलं. डोळ्यांत पाणी येईस्तोवर फुंकलं. मोकळं झालं तसं बसवलं, कार्बोरेटर चढवला, नट आवळले आणि किक मारून इंजिनाचा आवाज नीट ऐकला. माणसांचा राग कामावर काढणं त्याला जमत नसे.

मग तो पान्यांच्या पेटीपाशी बसला. आपले तेवढे वेगळे काढावेत म्हणून एकेक पाना हातात घेऊन पाहू लागला. पण इतक्या वर्षांत कुठला कुणाचा, हे त्यालाही सांगता येईना.

“काय शोधतोस रे, रहेमान?” खंडेरावने विचारलं.

रहेमानने पेटीचं झाकण लावलं, हात पुसले आणि रिकाम्या हातांनी तो रस्त्याला लागला.