फ्रीझरमधली बोटभर बाटली

मित्रांनो, माझ्या जन्माच्या दिवशीच माझ्यावरून पैज लागली. प्रयोगशाळेतल्या ताईनं एक नवा पदार्थ बनवला, पातळ करून माझ्यात भरला आणि बूच लावलं. शेजारच्या टेबलावरचे मिशीवाले काका फिस्कन हसले.

"ही औषधाच्या कामाला? फ्रीझर साफ करू तोवर हिच्यानं एक जंतू जरी मेला, तर कँटीनमध्ये सगळ्यांसमोर मिशी उतरवीन!"

"नाही मेला तर वर्षभर तुमची काचेची भांडी मी घासते. पण काका, वस्तरा आणून ठेवा हं."

तीच मी, आता जुनी झालेली बोटभर बाटली. आमच्या फ्रीझरात माझ्यासारख्या हजारो. प्रत्येकीच्या पोटात वेगळा पदार्थ, एखादी तरी रोगाला भिडेल म्हणून ठेवलेली. मुंगी शिरायला जागा नाही, पण बोलायला कुणी नाही. सगळ्या गारठून गप्प. चाचणीला एखादीला न्यायला यंत्राचा हात यायचा. मी आपली ऐटीत उभी राहायचे. हात शेजारणीला उचलून न्यायचा.

एकदा मला उचललं. कोण आनंद! पण सगळे घाईत. मी धड वितळलेही नव्हते, तोच वरचा थेंब घेऊन तबकडीतल्या जंतूंवर टाकला. माझा सगळा माल थंडीनं खडे होऊन तळाला बसलेला! जंतू मजेत वाढले आणि माझ्या बुचावर लाल फुली आली. मग तो हातही फिरकेना. अंगावर बर्फ चढत गेला.

शेवटी फ्रीझर साफ करायला काढला. फुलीवाल्या सगळ्या फेकायच्या टोपलीत.

"ताईसाहेब, ब्रश घ्या हातात!" काका खिदळले.

ताईनं मला उजेडात धरलं. "काका, हिच्या तळाला खडे आहेत."

"रडीचा डाव नको हं!"

"टोपली उद्यापर्यंत इथंच राहू दे. तोवर पैज चालू."

तिनं मला मुठीत धरलं. मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाची ऊब लागली. खडे विरघळले, तिनं मला चांगलं हलवलं, मगच थेंब घेतला. दुसऱ्या दिवशी तबकडीत माझ्या थेंबाभोवती जंतूंचा मागमूस नव्हता.

म्हणून सांगते, कुणावर फुली मारण्याआधी त्याला जरा ऊब द्या, हलवून बघा.

कँटीनमध्ये काका स्टुलावर बसले, गळ्याला रुमाल. सगळे टाळ्या पिटत होते. ताईच्या कोटाच्या खिशात मी, दोन थेंब उरलेली. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. वस्तरा फिरला.

"अगं, ओठ गार पडला की!" काका ओरडले.

"अजून अर्धी मिशी राहिलीय, काका," ताई म्हणाली.