गेणबांची विमानफेरी

"काका, पुढं चला. इथं थांबता येत नाही."

बिरदेवच्या तोंडून हे निघालं आणि समोर उभ्या गेणबांचा हात हवेतच राहिला. विमान पुण्याला उतरलं होतं, बाकीचे प्रवासी कधीच बाहेर पडले होते. गेणबा मुद्दाम शेवटी आले होते. धोतर, पागोटं आणि मुठीत बिरोबाचा भंडारा. नव्या ट्रॅक्टरला लावतात तसा विमानाला लावायचा, आणि जमलंच तर ते चालवणाऱ्या लेकाच्या कपाळाला. अहो, काका कसले! सख्खे वडील होते ते त्याचे.

बिरदेवचं विमानाचं वेड शाळेपासूनचं. रांजणगावच्या कारखान्यात सुपरवायझरकी करण्यात निम्मं आयुष्य गेलं, पण वेड काही गेलं नाही. चाळिशीला टेकल्यावर नोकरी सोडून तो पायलट व्हायला निघाला, तेव्हा गावानं तोंडाला पदर लावून हसून घेतलं. एकटे गेणबा म्हणाले, "जा तू. घरचं मी बघतो."

आता त्रेचाळिसाव्या वर्षी तो सगळ्यांत नवखा को-पायलट होता. शेजारची कॅप्टन मोनाली त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान. बरोबरीची पोरं पाठीमागं त्याला 'अंकल' म्हणतात, हेही त्याला ठाऊक होतं. नागपूरला जाऊन त्याच विमानानं परत यायचं तिकीट त्यानंच हौसेनं आबांना, म्हणजे वडिलांना, काढून दिलं होतं. पण आबा भंडारा घेऊन थेट कॉकपिटच्या दारात उभे राहतील, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. मोनाली वळून बघत होती, एअर होस्टेस हसू दाबत होती. आणि त्याची जीभ घसरली. घसरली कसली, त्यानं जाणूनबुजूनच तसं म्हटलं.

गेणबांनी एकदा मोनालीकडं पाहिलं, एकदा लेकाकडं.

"व्हय साहेब, चुकलं," म्हणाले, आणि भंडारा खाली सांडू नये म्हणून मूठ आवळून जिना उतरून गेले.

"तुमच्या भागातले वाटतात," मोनाली म्हणाली.

"असतील," बिरदेव म्हणाला. म्हटलं आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

आठवडाभर घरी फोन करायचं धाडस झालं नाही. सुट्टी मिळाली तसा तो शिरूरजवळच्या आपल्या वाडीवर आला. अंगणात दौंडहून आलेले ज्ञानूमामा, शेजारचे दोघंतिघं बसले होते. गेणबा कडेला शेळीचं दावं वळत होते.

"या पायलट!" मामा ओरडले. "दाजींनी पार कान किटवलं आमचं. तू म्हणं समद्यांच्या देखत पाया पडलास, आन् आत नेऊन सोताच्या खुर्चीवर बसवलंस?"

बिरदेवनं आबांकडं पाहिलं. ते मान वर करेनात.

"सांग की मामाला," गेणबा म्हणाले. "ह्यास्नी खोटं वाटतंय."

खरं बोलावं तर आबा चारचौघांत खोटे पडणार. लाजेनं त्याचे कान तापले. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं.

"व्हय मामा," तो कसाबसा म्हणाला. "आबा बसले होते."

"आन् त्या मॅडमनी इचारलं असंल की, ह्ये कोण म्हणून? काय सांगितलंस मग?"

बिरदेव वाकून बुटाची नाडी सोडू लागला. सगळे त्याच्याकडं बघत राहिले.

"'माझे वडील हायत' म्हणाला की!" गेणबाच बोलले. "चांगलं खणखणीत म्हणाला." आणि दाव्याची गाठ ओढून बघू लागले.